मज्जातंतूंचा जीर्णोद्धार

मराठवाड्यांत हिंडणाऱ्या प्रवाशास जुन्या देवळांची उणीव कोठेंच भासत नाहीं. नांदेड जिल्ह्यांत देगलूरजवळचें होट्टल घ्या, किंवा लातूर जिल्ह्यांत निलंग्याचें नीलकंठेश्वराचें देऊळ घ्या. शतकानुशतकें ऊनपाऊस सोशीत हे दगड उभे आहेत. अशा देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाल्यास जाणता कारागीर प्रथम नवा चिरा घडवावयास बसत नाहीं. तो आधीं पडलेला ढिगारा उपसतो, पाया मोकळा करतो, आणि मगच थरावर थर चढवितो. ढिगारा तसाच ठेवून त्यावर कितीहि उत्तम चिरे रचले तरी भिंत टिकत नाहीं. मनुष्यदेहांतील तुटलेल्या मज्जातंतूंची गोष्टहि हीच आहे. देह म्हातारा असेल तर विशेषच. परंतु एवढी साधी गोष्ट ध्यानांत येण्यास शास्त्रज्ञांस दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाचा इतिहास आणि नांदेड-लातूरकडील सामान्य माणसाच्या हाताशीं त्याचा येणारा संबंध येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

कोपराच्या आंतल्या बाजूस हाडाच्या खोबणीवर अवचित धक्का बसला म्हणजे करंगळीपर्यंत सणकन् झिणझिण्या जातात, हा अनुभव कोणास नाहीं? त्या खोबणींतून जाणारा मज्जातंतु म्हणजे एक अखंड तार नव्हे. हजारों सूक्ष्म तंतूंची ती जुडी असते. त्यांतील प्रत्येक तंतु पाठीच्या कण्यांतील किंवा कण्यालगतच्या एका पेशीपासून निघतो आणि मध्यें कोठेंहि न थांबतां बोटाच्या कातडीपर्यंत अथवा स्नायूपर्यंत जातो. पेशी खांद्याच्या वर, मानेच्या मुळाशीं, आणि तिचें टोंक करंगळींत, असा हा लांबचा संसार आहे. शेतांत कोयत्याचा घाव मनगटावर बसला तर ही जुडी तुटते. मधुमेहानें ती हळूहळू झिजते. आणि कुष्ठरोगाचा जंतु तर नेमका तिच्यांतच घर करतो. कोपरापाशीं मज्जातंतु कातडीच्या अगदीं जवळून जातो, म्हणून तेथें तो थंड राहतो, आणि थंडावा या जंतूस मानवतो. सुश्रुतानें कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानि सांगितली आहे, ती या मज्जातंतूच्या नाशाचीच खूण होय. बोटें झडतात तीं रोगानें कुजून नव्हेत. ज्या बोटास चटका कळत नाहीं तें तव्यावर तसेंच राहतें, ज्या पायास कांटा कळत नाहीं तो जखम घेऊन कोसचे कोस चालतो. आणि अशा न कळलेल्या जखमांनींच हात-पाय झिजतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नांदेड व लातूर हीं दोन्ही गांवें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. लातूर ही तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक बाजारपेठ होती. तिचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं. या रोग्यांनीं उपचारासाठीं जावें तरी कोठें? नांदेडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर निजामाबादेच्या पलीकडे डिचपल्ली हें ठिकाण लागतें. तेथें १९१५ सालीं जॉर्ज कर हे धर्मोपदेशक व त्यांच्या डॉक्टर पत्नी इझाबेल कर यांनीं कुष्ठरुग्णालय काढलें, आणि राजा नरसा गौड या धनिकानें त्यास सढळ हातानें साहाय्य केलें. लातूरची वाट उलट दिशेस होती. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली आणि १९२७ सालीं तोच मार्ग पंढरपुरावरून मिरजेपर्यंत जाऊन मिळाला. मिरजेस मिशनच्या दवाखान्याखेरीज कुष्ठरोग्यांसाठीं निराळें रुग्णालयहि होतें. म्हणजे एका गांवास पूर्वेची वाट आणि दुसऱ्यास पश्चिमेची, अशी ही स्थिति होती.

वाट होती, पण औषध कोणतें? चालमोगऱ्याचें तेल. सह्याद्रींत होणारें कडूकवठीचें झाड याच कुळांतलें, आणि तुवरक या नांवानें सुश्रुतानेंहि त्याच्या तेलाचा उपयोग सांगितलेला आहे. हें तेल टोंचून देण्याची पद्धत त्या काळीं सर्वत्र रूढ होती. पुढें १९४६ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील चिंगलपेट येथें डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं सल्फोन जातीचीं नवीं औषधें वापरण्यास आरंभ केला. आणि ज्यांनीं डिचपल्लीस अनेक वर्षें काम केलें होतें त्या डॉ. जॉन लो यांनीं नायजेरियांतील उझुआकोली येथें दाखवून दिलें कीं, डॅप्सोन हें औषध साध्या गोळीनें पोटांत देतां येतें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली आणि त्यानंतर कुष्ठरोग हा ठराविक महिन्यांत बरा होणारा रोग ठरला. मानवजातीच्या इतिहासांतील हा मोठाच विजय होय. परंतु त्या विजयाच्या पोटांत एक दुःख राहून गेलें. जंतु मेला, तरी वांकडीं झालेलीं बोटें सरळ झालीं नाहींत आणि गेलेला स्पर्श परत आला नाहीं. शत्रु गेला, पण उध्वस्त झालेला वाडा तसाच राहिला. मज्जातंतु पुन्हा उभा कां राहत नाहीं, हा प्रश्न तेथून पुढें खरा महत्त्वाचा झाला.

या प्रश्नाचा आरंभ एका बेडकाच्या जिभेपासून होतो. १८५० सालीं ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतु कापले आणि नंतर काय होतें तें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें. पेशीपासून तुटलेला पुढचा भाग थोड्याच दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरतो, आणि पेशीस जोडलेला मागचा भाग जिवंत राहतो, हें त्यानें दाखविलें. तंतूभोंवतीं ज्या पेशींचें वेष्टण असतें त्यांचें वर्णन थिओडोर श्वान या जर्मन पंडितानें त्यापूर्वींच केलें होतें. त्यांना श्वानपेशी म्हणतात. मराठी वाचकांनीं या नांवांत कुत्र्याचा संबंध शोधूं नये, हें त्या पंडिताचें आडनांव आहे. पुढें स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यानें तुटलेल्या तंतूच्या टोंकास नवा अंकुर कसा फुटतो, तो वाट चांचपीत पुढें कसा सरकतो, याचीं अप्रतिम चित्रें काढलीं. काहालच्या मतें त्या अंकुरास वाटेंतील पेशींकडून कसलें तरी द्रव्य मिळत असावें, आणि त्याच्या ओढीनें तो पुढें जात असावा. हें द्रव्य कोणतें, हें मात्र त्यास सांगतां आलें नाहीं. १९०६ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळवून आणि अखेरपर्यंत काम करीत तो १९३४ सालीं निवर्तला.

दुसऱ्या महायुद्धांत गोळी लागून मज्जातंतु तुटलेले हजारों सैनिक दवाखान्यांत आले, आणि १९४३ सालीं ब्रिटिश शस्त्रवैद्य हर्बर्ट सेडन यांनीं अशा इजांचे तीन वर्ग पाडले. नुसता बधिर झालेला मज्जातंतु आपोआप सावरतो. आंतले तंतु तुटले पण वेष्टण शाबूत राहिलें तर ते त्याच नळीतून पुन्हा वाढतात. आणि सर्वच तुटलें तर शिवण्यावांचून गत्यंतर नाहीं. वाढीचा वेगहि याच सुमारास ठरला. तो दिवसास सुमारें एक मिलिमीटर भरतो. वाचकांनीं स्वतःच हिशेब करून पाहावा. कोपरापासून करंगळीच्या टोंकापर्यंत पस्तीस-चाळीस सेंटिमीटर अंतर धरलें तर तें काटावयास तंतूस सुमारें एक वर्षाचा काळ लागतो. तोंवर हाताचे स्नायु त्याची वाट पाहत सुकत असतात, आणि फार काळ गेल्यावर पाहुणा आला तरी घर ओसाड झालेलें असतें. मज्जातंतूच्या बाबतींत काळ हाच सर्वांत निष्ठुर सावकार आहे; त्याचें व्याज रोज चढतें.

काहालला न सांपडलेलें द्रव्य ज्या बाईस सांपडलें तिची कथा कादंबरीहून सुरस आहे. रीटा लेवी-मोंताल्चिनी ही इटालींतील तुरिन शहरची ज्यू कुटुंबांत वाढलेली डॉक्टर. १९३८ सालीं मुसोलिनीच्या सरकारनें ज्यूविरोधी कायदे केले आणि विद्यापीठाचीं दारें तिला बंद झालीं. तेव्हां तिनें घरांतील निजण्याच्या खोलींतच प्रयोगशाळा मांडली, आणि कोंबडीचीं अंडीं आणून त्यांतील गर्भाच्या मज्जातंतूंचा अभ्यास चालविला. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं व्हिक्टर हॅम्बर्गर यांनीं तिला अमेरिकेंतील सेंट लुइस येथें बोलाविलें. उंदराच्या एका जातीच्या गांठीजवळ कोंबडीच्या गर्भांतील मज्जातंतु अफाट वाढतात असें आढळलें होतें. तेव्हां १९५२ च्या सुमारास रिओ द जानेरो येथें तिनें कांचेंतील प्रयोग करून पाहिले. गांठीजवळ ठेवलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्याभोंवतीं तंतूंचें तेजोवलय उमटलें. गांठींतून कांहीं वृद्धिकारक द्रव्य झिरपत होतें, यांत संशय उरला नाहीं.

तें द्रव्य वेगळें काढण्याचें काम स्टॅन्ले कोहेन या रसायनज्ञाकडे आलें. त्यांतील एक अंश नष्ट करून पाहावा म्हणून त्यानें सापाचें विष वापरलें. परंतु विष घातल्यावर वाढ थांबण्याऐवजीं कित्येक पटींनीं जास्त झाली, कारण त्या विषांतच तें द्रव्य भरपूर होतें. साप नाहीं तर त्याच्या विषग्रंथीसारखी ग्रंथि कोणती, असा विचार करून कोहेननें उंदराची लालाग्रंथि पाहिली आणि तेथेंहि तें विपुल सांपडलें. मराठवाड्यांतील शेतकरी ज्या सापाच्या विषास यमदूत मानतो, त्याच विषानें मज्जातंतु जगविणारें द्रव्य हातीं यावें, ही सृष्टीची थट्टाच म्हणावयाची. १९८६ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. ही बाई १९०९ सालीं जन्मली आणि १०३ वर्षांचें आयुष्य भोगून २०१२ सालीं वारली; म्हातारपणींहि तिची बुद्धि आणि कामाचा हव्यास कमी झाला नाहीं.

या शोधाचा आपल्या प्रांताशीं संबंध आला तो मुंबईंत. तेथील कुष्ठरोग्यांचें आश्रयस्थान १८९० सालीं ज्यांच्या पुढाकारानें निघालें ते म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ हे, शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीनें मराठी पोवाडे गोळा करून छापणारे म्हणूनहि आपणांस परिचित आहेत. पुढें जे. जे. रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. नोशीर अँटिया यांनीं कुष्ठरोग्यांचीं बोटें, नाक, भिवया पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रिया केल्या आणि हा रोग मुळांत मज्जातंतूचा आहे, हें मत आग्रहानें मांडलें. त्यांनीं स्थापन केलेल्या संशोधनसंस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत रमा मुखर्जी यांनीं श्वानपेशी कांचेंत वाढवून कुष्ठाचा जंतु त्यांना कसा चिकटतो, हें तपासलें. आणि १९९४ सालीं प्रवीण आनंद यांनीं सुनील पंड्या व भीम सिंघल या मुंबईच्या डॉक्टरांसह 'लॅन्सेट' या विलायती पत्रांत असें प्रसिद्ध केलें कीं, कुष्ठरोग्याच्या बधिर कातडींत लेवी-मोंताल्चिनीचें वृद्धिकारक द्रव्य फारच घटलेलें असतें. आशेस जागा झाली. जें उणें आहे तें बाहेरून भरून काढलें तर स्पर्श परत येणार नाहीं काय?

ही आशा प्रथम मधुमेहाच्या रोग्यांवर पारखली गेली. १९९८ सालीं लहानशा चांचणींत यश दिसलें. परंतु २००० सालीं हजारांहून अधिक रोग्यांवर घेतलेल्या मोठ्या परीक्षेंत तें द्रव्य टोंचूनहि म्हणण्यासारखा गुण आला नाहीं, उलट टोंचल्या जागीं वेदना मात्र होत. एका ठिकाणीं तेवढा त्याचा जय झाला. डोळ्याच्या बुबुळावरील पडद्याचे मज्जातंतु मेले असतां तेथील जखम भरत नाहीं. अशा रोग्यांसाठीं हेंच द्रव्य थेंबांच्या रूपानें २०१७ सालीं युरोपांत आणि २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. डोळ्याच्या पडद्यावर थेंब नेमका पोंचतो. हातभर लांबीच्या मज्जातंतूंत तो कोठून पोंचणार?

आतां म्हातारपणाकडे वळूं. म्हाताऱ्या प्राण्यांचे मज्जातंतु मंद वाढतात, हें १९८० सालीं अमेरिकेंत पेस्ट्रॉन्क व त्यांचे सहकारी यांनीं घुशीसारख्या मोठ्या पांढऱ्या उंदरांवर दाखविलें. परंतु मंदपणा कोणाचा, तंतूचा कीं वाटेचा, हा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं. पेशी म्हातारी होऊन तिची उमेद गेली असावी, असेंच बहुतेकांस वाटे. २०१४ सालीं बोस्टन येथील मिचिओ पेंटर, क्लिफर्ड वुल्फ आदींनीं याची फार सुंदर कसोटी लावली. त्यांनीं दोन महिन्यांच्या व चोवीस महिन्यांच्या उंदरांचे मज्जातंतु घेतले. चोवीस महिन्यांचा उंदीर म्हणजे माणसाच्या मानानें सुमारें सत्तरीचा. वेगळ्या काढून कांचेंत ठेवलेल्या म्हाताऱ्या मज्जापेशी तरुण पेशींइतक्याच जोमानें तंतु सोडीत. मग त्यांनीं मज्जातंतूचे तुकडे अदलून-बदलून बसविले, म्हाताऱ्याचा तुकडा तरुणास आणि तरुणाचा म्हाताऱ्यास. पाय किती सुधारला हें उंदराच्या वयावर ठरलें नाहीं. मध्यें बसविलेल्या तुकड्याच्या वयावर ठरलें. जीर्ण झाली होती ती वाट.

वाट जीर्ण होते म्हणजे काय होतें? तुटलेल्या तंतूचें मेदाचें वेष्टण फुटून वाटेंत ढिगारा पडतो. तरुण देहांत श्वानपेशी ताबडतोब आपलें नित्याचें रूप टाकून झाडूवाल्याचें रूप घेतात, तो ढिगारा गिळतात, आणि मदतीस रक्तांतील भक्षक पेशींना बोलावितात. म्हाताऱ्या देहांत हें रूपांतर उशिरां व अपुरें होतें. ढिगारा पडून राहतो आणि नवा अंकुर त्यास अडखळतो. त्याच्या आदल्याच वर्षीं जेफ लिच्टमन यांच्या प्रयोगशाळेनेंहि म्हाताऱ्या उंदरांतील दिरंगाईचें खापर याच ढिगाऱ्यावर फोडलें होतें. २०२२ सालीं लंडनच्या सिमोने दि जोव्हानी यांच्या मंडळीनें आणखी एक अडथळा दाखविला: उतारवयांत देहाच्या संरक्षक पेशी मज्जापेशींच्या पुंजक्यांत शिरून त्यांची वाढ दडपतात, आणि तो दाब काढला तर म्हाताऱ्या उंदरांतहि तंतु पुन्हा वाढूं लागतात. म्हणजे पेशीवरहि वार्धक्याचा परिणाम होतो, परंतु तो बाहेरून लादलेला असतो व काढतां येतो. हीं सर्व अनुमानें उंदरांवरचीं आहेत, माणसाच्या हातावर तीं अद्याप सिद्ध व्हावयाचीं आहेत, हें विसरून चालणार नाहीं. तथापि त्यांतून निघणारा बोध मोलाचा आहे. म्हाताऱ्या देहांत वाढण्याची शक्ति मेलेली नसते. तिची वाट अडलेली असते.

या इतिहासाकडे नांदेड-लातूरच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांतील व्यवहाराचा भाग स्पष्ट होतो. अद्भुत द्रव्याची कुपी येईल तेव्हां येवो. आज आपल्या हातीं जें आहे तें म्हणजे काळ. कुष्ठरोगांत मज्जातंतु नुकताच सुजला असेल, बधिरपणा येऊन सहा महिने झाले नसतील, तर सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइड औषधांनीं पुष्कळ वेळां तो वांचवितां येतो. त्यानंतर आशा झपाट्यानें ओसरते. कोयत्यानें तुटलेला मज्जातंतु लवकर शिवला तर वाट स्वच्छ असते. वय वाढलें म्हणून उपचार व्यर्थ, हा समज तर सर्वथा त्याज्य होय. उलट ज्याच्या देहांत ढिगारा सावकाश उपसला जातो त्यास एक दिवसहि वायां घालविणें परवडत नाहीं. जेथें तंतु कायमचा गेला तेथेंहि हात गेला असें नाहीं. १९४८ सालीं वेल्लोर येथें पॉल ब्रँड यांनीं चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून दुबळ्या बोटांस जोडण्याचा मार्ग घातला आणि मुठी पुन्हा उघडल्या.

लातुरास १९६६ पासून विवेकानंद रुग्णालय आहे. नांदेडास १९८८ सालीं आणि लातुरास २००२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. डिचपल्ली किंवा मिरज गांठण्याची सक्ति आतां उरली नाहीं. तरी सहा महिने सहज निघून जातात, आणि ते कशांत जातात हें आपण सर्व जाणतों. कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला; नवराबायकोंपैकीं एकास हा रोग झाला तर घटस्फोट मागण्याची कायद्यांतील सोय २०१९ सालीं निघाली. कायद्याच्या पुस्तकांतील ढिगारा उपसावयास आपणांस शंभराहून अधिक वर्षें लागलीं. घरांतला अजून शिल्लक आहे. २००५ च्या अखेरीस देशानें कुष्ठरोगाचें निर्मूलन जाहीर केलें खरें, परंतु त्यानंतरहि दरवर्षीं लाखाच्या आसपास नवे रोगी भारतांत सांपडत आले आहेत. कातडीवरील न खाजणारा, न दुखणारा फिकट डाग सासूनें सुनेपासून आणि सुनेनें शेजारणीपासून लपविला, म्हणजे आंतल्या मज्जातंतूचे दिवस मोजणारें कोणी राहत नाहीं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतींत तर 'वयच झालें' एवढ्या दोन शब्दांनीं प्रश्न मिटतो. बोटें बधिर झालीं, पायांतली वहाण निसटली तरी कळली नाहीं, तरी त्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं.

शास्त्रज्ञांनीं आपल्या बाजूचें काम पुष्कळ केलें आहे आणि ते करीतच आहेत. मज्जातंतूची वाट कोठें अडते तें त्यांनीं दाखविलें. त्या वाटेवरचा पहिला अडथळा मात्र देहाच्या आंत नसून उंबरठ्याच्या आंत आहे, आणि तो दूर करण्यास वैद्याची गरज नाहीं. घरांतील वडील मंडळींचे हातपाय महिन्यांतून एकदां तरी पाहावेत, बधिर जागेची चौकशी करावी, आणि संशय येतांच त्यांस दवाखान्यांत न्यावें. दिवसास एक मिलिमीटर चालणाऱ्या प्रवाशास उशिरां निघणें परवडत नाहीं. त्याला वेळेवर वाटेस लावणें हें कुटुंबाचें काम आहे.